डेथ व्हॅलीत मासे जगतात कसे? सॉल्ट क्रीकच्या काठावरची सोपी पायवाट आणि तिच्यामागची मोठी गोष्ट

डेथ व्हॅली म्हटलं की सोशल मीडियावर ठरलेले फोटो दिसतात. पन्नाशीपार गेलेला थर्मामीटर, त्याच्या शेजारी पोज देणारे पर्यटक आणि मागे पांढरंशुभ्र मिठाचं मैदान. अमेरिकेतली ही सगळ्यात उष्ण, सगळ्यात कोरडी आणि सगळ्यात सखल जागा. नावातच मृत्यू असलेल्या या खोऱ्यात मासे असतील, असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण मासे आहेत. सॉल्ट क्रीक नावाच्या एका खाऱ्या ओढ्यात जेमतेम दीड-दोन इंचाचे पपफिश राहतात. वसंत ऋतूत ते इतक्या संख्येने दिसतात की उथळ पाणी अक्षरशः वळवळत असतं. विशेष म्हणजे ते पाहायला डोंगर चढावा लागत नाही की दोर लावावे लागत नाहीत. ओढ्याच्या कडेने जाणारी एक सपाट पायवाट आहे. लहान मुलं, आजी-आजोबा, व्हीलचेअर वापरणारे असे सगळे तिथे जाऊ शकतील, अशा बेताने ती आखलेली आहे.

ही पायवाट नेमकी कुठे आहे, वाळवंटात ओढा आणि ओढ्यात मासे आले कुठून, आणि हे सगळं टिकणार का, ते पाहू.

सॉल्ट क्रीक नेमकं कुठे आहे?

डेथ व्हॅली नॅशनल पार्क कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात आहे. त्याचा थोडा भाग शेजारच्या नेवाडा राज्यातही येतो. अलास्का वगळता अमेरिकेतलं हे सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. १९३३ मध्ये या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९४ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला.

उद्यानातलं मुख्य ठिकाण म्हणजे फर्नेस क्रीक. तिथून उत्तरेकडे हायवे १९० ने साधारण २० किलोमीटर गेलं की सॉल्ट क्रीकचा फाटा लागतो. पुढे थोडा कच्चा रस्ता आणि मग वाहनतळ. तिथूनच पायवाट सुरू होते आणि फिरून पुन्हा तिथेच येते. सगळी मिळून अंतर साधारण सव्वा किलोमीटर. चढ-उतार जवळपास नाहीच. रमतगमत, थांबत, मासे बघत चाललं तरी तासाभरात फेरी पूर्ण होते.

पायवाटेचं वैशिष्ट्य म्हणजे ती लाकडी फळ्यांची, जमिनीपासून थोडी उचललेली आहे. इंग्रजीत याला बोर्डवॉक म्हणतात. हे केवळ पर्यटकांच्या सोयीसाठी नाही. ओढ्याचे काठ मऊ चिखलाचे असतात. मासे उथळ पाण्यात तळाशी अंडी घालतात. रोज शेकडो माणसं त्या चिखलातून चालली तर काठही राहणार नाहीत आणि अंडीही.

पण डेथ व्हॅली इतकी कोरडी का?

याचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे: पर्जन्यछायेचा प्रदेश. महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात आणि महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस देतात. तेच ढग घाट ओलांडून माण-खटावला पोहोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. एकाच सातारा जिल्ह्यात एकीकडे धो-धो पाऊस आणि दुसरीकडे टँकर, असं चित्र म्हणूनच दिसतं.

डेथ व्हॅलीच्या बाबतीत पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या ढगांना एक नाही, एकामागोमाग अनेक डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. त्यातली सिएरा नेवाडा ही रांग तर चार हजार मीटरच्याही वर जाते. शेवटची रांग ओलांडेपर्यंत ढगांतलं पाणी संपलेलं असतं. परिणामी फर्नेस क्रीकला वर्षभरात सरासरी ५५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या जोरदार दिवशी यापेक्षा जास्त पडतो.

त्यात खोरं खोल आणि अरुंद. इथलं बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे. तापलेली हवा वर जाते, थोडी थंड होऊन पुन्हा खाली येते, दाबली जाऊन आणखी तापते. खोऱ्याची जणू भट्टी होते. १० जुलै १९१३ रोजी इथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. काही हवामानतज्ज्ञांना या जुन्या नोंदीबद्दल शंका आहे, पण जागतिक हवामान संघटनेच्या यादीत पृथ्वीवरचं सर्वाधिक तापमान म्हणून आजही हाच आकडा आहे.

मग ओढ्यात पाणी येतं कुठून?

आकाशातून नाही, जमिनीतून. आजूबाजूच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि बर्फाचं पाणी खडकांत मुरतं आणि जमिनीखालून संथपणे खोऱ्याकडे सरकत राहतं. सॉल्ट क्रीकजवळ भूगर्भातल्या थरांची रचना अशी आहे की हे पाणी अडतं आणि वर येतं. तिथल्या झऱ्यांमुळे ओढ्याचा वरचा छोटासा भाग बारमाही वाहता राहतो.

खालच्या भागाची गोष्ट वेगळी. हिवाळ्यात बाष्पीभवन कमी असतं, म्हणून पाणी लांबवर पोहोचतं. उन्हाळा चढत जातो तसा ओढा आक्रसत जातो. पाणी आटतं, मीठ उरतं आणि काठांवर पांढरा थर दिसू लागतो. शेवटी पाणी वाळूत आणि मिठाच्या मैदानात नाहीसं होतं. ही नदी समुद्राला कधीच मिळत नाही.

बुलढाण्याच्या लोणार सरोवराबाबतही असंच काहीसं आहे. पाण्याला आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. उल्कापाताने झालेलं विवर आणि वाळवंटातलं खोरं यांची जन्मकथा वेगळी असली, तरी पाणी खारं होण्याचं कारण सारखंच आहे.

वाळवंटात मासे आले कसे?

मासे वाळवंटात आलेले नाहीत. मासे आधीपासून होते, वाळवंट नंतर आलं.

हिमयुगात डेथ व्हॅलीत एक अवाढव्य सरोवर होतं. शास्त्रज्ञ त्याला लेक मॅनली म्हणतात. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्या आणि या खोऱ्यात अडकलेल्या प्रवाशांपैकी विल्यम मॅनली यांच्यावरून हे नाव पडलं. याच प्रवाशांमुळे खोऱ्याला डेथ व्हॅली हे नाव मिळालं, असं सांगितलं जातं. ऐन भरात हे सरोवर सव्वाशे किलोमीटरहून लांब आणि दीडशे मीटरहून खोल होतं. त्या काळात आसपासची सरोवरं आणि नद्या अधूनमधून एकमेकांना जोडल्या जात आणि माशांना पसरायला वाट मिळे.

साधारण दहा हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडं होत गेलं. सरोवर आटलं. मासे जिथे झरे होते तिथे अडकून पडले. कुणी एखाद्या ओढ्यात, कुणी दलदलीत, कुणी डोंगरातल्या कुंडात. एकमेकांशी संपर्क तुटला आणि प्रत्येक ठिकाणचे मासे आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलत गेले. सॉल्ट क्रीकमधल्या माशाचं शास्त्रीय नाव सायप्रिनोडॉन सॅलिनस. त्याचं वर्णन १९४३ मध्ये रॉबर्ट रश मिलर यांनी केलं. काही अंतरावरच्या कॉटनबॉल मार्श या दलदलीत त्याचा एक वेगळा उपप्रकार आहे. या दोन जागा सोडल्या तर ही प्रजाती मुळात जगात कुठेच नव्हती.

पपफिश हे नाव मात्र त्यांच्या वागण्यावरून पडलं. एकमेकांच्या मागे धावणारे, गोल गोल फिरणारे हे मासे कार्ल हब्स या मत्स्यशास्त्रज्ञाला खेळणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लांसारखे वाटले. हा खेळ नसतो, ही गोष्ट वेगळी. नर आपापल्या हद्दीतून दुसऱ्या नरांना हुसकावत असतात.

इतक्या खाऱ्या पाण्यात ते जगतात कसे?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त असलं की आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. खाऱ्या पाण्यातल्या माशाचंही तसंच होतं. त्याच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर जात राहतं. गोड्या पाण्यातला साधा मासा इथे सोडला तर तो पाण्यात राहूनही आतून सुकून मरेल.

पपफिश यावर दोन गोष्टी करतो. एक, तो खारं पाणीच पितो. दोन, त्यातून आलेलं जादा मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींमधून पुन्हा बाहेर टाकतो. या कामाला ऊर्जा लागते, पण त्यामुळे समुद्राच्या कितीतरी पट खारट पाण्यातही तो तग धरतो. तापमानाचंही तसंच. हिवाळ्यातल्या रात्री पाणी गोठण्याच्या जवळ जातं आणि उन्हाळ्यात चाळिशीकडे सरकतं. थंडीत हे मासे तळाच्या चिखलात शिरून निपचित पडतात.

त्यांचं आयुष्य साधारण वर्षभराचं. वसंतात ओढा लांबवर वाहत असतो, तेव्हा मासे खालच्या भागात पसरतात आणि अंडी घालतात. उन्हाळा आला की खालचं पाणी आटतं. तिथे अडकलेले हजारो मासे मरतात किंवा पक्ष्यांच्या तोंडी जातात. वरच्या बारमाही भागात जे उरतात त्यांच्यापासून पुढच्या वर्षीची पिढी सुरू होते. दर वर्षी हेच चक्र. म्हणजे या प्रजातीचं भवितव्य वरच्या छोट्याशा पट्ट्यातल्या पाण्यावर टांगलेलं आहे.

चालताना काय काय दिसतं?

• मासे: फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळ्यात चांगला काळ. विणीच्या हंगामात नर झगझगीत निळे दिसतात. माद्या आणि पिल्लं तपकिरी, अंगावर आडवे पट्टे असलेली. सावली पडली की मासे पळतात, त्यामुळे एका जागी स्थिर उभं राहिलेलं बरं.

• पिकलवीड: ओढ्याकाठचं मांसल, सांधेदार झुडूप. कोकणातल्या खाजणात अशाच रसाळ खारट वनस्पती दिसतात. हे झुडूप मीठ आपल्या पेरांमध्ये साठवतं.

• सॉल्टग्रास: या गवताची युक्ती उलटी. ते मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पात्यांवर बारीक स्फटिक चमकताना दिसतात.

• पक्षी आणि प्राणी: मोठे राखी-निळे बगळे आणि डोमकावळे माशांवर टपून असतात. कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा दिसणारा अमेरिकन प्राणी, सहसा दिसत नाही, पण चिखलात त्याच्या पावलांचे ठसे सापडतात.

या खोऱ्याला ओसाड म्हणायची पद्धत असली तरी इथे माणसंही पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. टिंबिशा शोशोनी या मूळ रहिवाशांची ही भूमी. राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं तेव्हा त्यांना विचारलं गेलं नव्हतं. दीर्घ लढ्यानंतर २००० साली अमेरिकी संसदेने कायदा करून त्यांना साडेसात हजार एकरांहून जास्त जमीन परत दिली. त्यात फर्नेस क्रीकजवळच्या त्यांच्या वस्तीचाही समावेश आहे.

२०२२ मध्ये काय झालं?

५ ऑगस्ट २०२२. फर्नेस क्रीकला एका दिवसात ३७ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे एवढ्या पावसाची बातमीही होत नाही. डेथ व्हॅलीत मात्र हा वर्षभराच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त पाऊस होता. उघडे डोंगर, टणक जमीन आणि नावापुरती झाडं. पाणी मुरायला जागाच नाही. सगळं पाणी दगड-गोटे घेऊन खाली आलं. रस्ते वाहून गेले, गाड्या चिखलात रुतल्या आणि पर्यटक व कर्मचारी मिळून सुमारे एक हजार लोक अडकले.

या पुरात सॉल्ट क्रीकची लाकडी पायवाट उद्ध्वस्त झाली. एक वर्षाने, २० ऑगस्ट २०२३ रोजी, हिलरी वादळाने ५६ मिलिमीटर पाऊस आणला आणि एका दिवसातल्या पावसाचा जुना विक्रम मोडला. उद्यान जवळपास दोन महिने बंद राहिलं. याच पावसाने बॅडवॉटर बेसिनमध्ये काही महिने तात्पुरतं तळं साचलं. लेक मॅनली परत आलं म्हणून ते फोटो जगभर फिरले.

पपफिशसाठी पूर नवा नाही. हजारो वर्षांत त्यांनी असे अनेक पूर पाहिले आहेत. त्यांचा खरा धोका वेगळा आहे.

मग धोका कुणापासून?

उत्तरासाठी याच कुळातल्या दोन माशांची गोष्ट पाहावी लागेल.

पहिला टेकोपा पपफिश. डेथ व्हॅलीच्या आग्नेयेला टेकोपा गावातल्या गरम झऱ्यांमध्ये तो राहायचा. झऱ्यांवर स्नानगृहं बांधली गेली, प्रवाह वळवले गेले, पाण्याचा वेग आणि तापमान बदललं. त्यात बाहेरचे मासेही आले. त्यातला एक म्हणजे गांबुसिया. डासांच्या अळ्या खातो म्हणून महाराष्ट्रातही हिवताप नियंत्रणासाठी डबक्यांत आणि हौदांत सोडला जातो, तोच हा मासा. स्थानिक माशांसाठी मात्र तो डोईजड ठरतो. १९७० नंतर टेकोपा पपफिश कुणाला सापडला नाही. नामशेष झाल्यामुळे अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून १९८२ मध्ये त्याचं नाव काढण्यात आलं.

दुसरा डेव्हिल्स होल पपफिश. नेवाडातल्या अ‍ॅश मेडोजमध्ये खडकातल्या एका खोल कुंडात तो राहतो. सगळी प्रजाती या एकाच कुंडात. पाण्याखालच्या एका उथळ कपारीवर ते खातात आणि अंडी घालतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शेजारी शेतीसाठी मोठ्या पंपांनी भूजल उपसा सुरू झाला. कुंडातली पातळी घसरली आणि कपार उघडी पडू लागली.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. परिसरात 'पपफिश वाचवा' आणि 'पपफिश मारा' अशी दोन्ही प्रकारची स्टिकर गाड्यांवर दिसू लागली. १९७६ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला: कुंड १९५२ पासून संरक्षित आहे, त्यामुळे मासे जगण्यापुरतं पाणी राखण्याचा सरकारचा हक्क नंतरच्या उपशाच्या आधी येतो. विहिरीतून उपसलेलं पाणी आणि दूरच्या झऱ्याचं पाणी एकच असू शकतं, हे मान्य करणारा हा महत्त्वाचा निकाल मानला जातो. बोअरवेल किती खोल न्यायची यावरून शेजाऱ्यांत वाद होणाऱ्या कुठल्याही गावाला हा मुद्दा लगेच कळेल.

निकाल लागला तरी मासे सुरक्षित झाले नाहीत. २०१३ मध्ये मोजणीत फक्त ३५ मासे सापडले. संख्या सावरल्यावर २०२४ मध्ये ती दोनशेच्या आसपास पोहोचली. त्यानंतर भूकंपांच्या धक्क्यांनी कुंडातलं पाणी हिंदकळून कपारीवरचं अन्न धुऊन निघालं आणि २०२५ च्या वसंतात मोजणी पुन्हा ३८ वर आली. माणसाचा उपद्रवही आहेच. २०१६ मध्ये तिघे जण कुंपण ओलांडून आत शिरले, त्यातला एक पाण्यात उतरला. एक मासा मेलेला सापडला. पाण्यात उतरणाऱ्याला २०१८ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

सॉल्ट क्रीकचे मासे संख्येने खूप जास्त आहेत. पण त्यांचाही आधार तोच: जमिनीखालून येणारं पाणी. ते कमी झालं तर दुसरीकडे जायला जागा नाही.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा

लास वेगासहून फर्नेस क्रीक साधारण २०० किलोमीटरवर आहे. त्यामुळे अमेरिकेत शिकणारे किंवा नोकरी करणारे अनेक जण वेगासच्या सहलीला डेथ व्हॅली जोडतात. भारतातून आई-वडील आले असतील तर सॉल्ट क्रीकसारखी सपाट पायवाट त्यांच्यासाठी सोयीची वाटते. अडचण महिन्यांची आहे. आई-वडिलांच्या भेटी बहुतेक वेळा मे ते ऑगस्टमध्ये ठरतात आणि नेमक्या याच काळात इथे चालणं धोक्याचं असतं.

• कधी जावं? नोव्हेंबर ते मार्च हवामान सुखद असतं. मासे पाहायचे असतील तर फेब्रुवारी अखेर ते एप्रिलची सुरुवात.

• उन्हाळ्यात काय? जुलैत दिवसाचं सरासरी कमाल तापमान ४७ अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात सखल भागात सकाळी १० नंतर चालू नये, असं उद्यान प्रशासन सांगतं. अंतर सव्वा किलोमीटरच असलं तरी सावली कुठेच नाही. शिवाय तेव्हा खालचा ओढा कोरडा असतो आणि मासेही दिसत नाहीत.

• पाणी किती? माणशी दिवसाला किमान ४ लिटर. हवा इतकी कोरडी असते की घाम लगेच उडून जातो आणि शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही.

• मोबाइलचं काय? उद्यानाच्या बहुतांश भागात रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड करा, पेट्रोलची टाकी भरून निघा.

• पायवाट सुरू आहे का? पुरानंतर ती नव्याने उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. पावसानंतर रस्ते आणि पायवाटा अचानक बंद होतात. निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती पाहा.

• काय करू नये? पाण्यात पाय घालू नका, मासे पकडू नका, त्यांना चिवडा-बिस्किटं टाकू नका. फोटोसाठी फळ्यांवरून खाली उतरू नका. बाटलीत मासे भरून नेणं हा गुन्हा आहे. घरच्या टाकीतला मासा इथे सोडणं तर त्याहून वाईट, कारण टेकोपाच्या झऱ्यांत बाहेरचे मासे शिरल्यावर काय झालं ते वर आलंच आहे.

मार्चमधल्या एखाद्या सकाळी ऊन फार चढायच्या आत गेलात तर फळ्यांच्या खाली, घोटाभर पाण्यात निळे नर एकमेकांना हुसकावताना दिसतील. फोटो नक्की काढा, फक्त पाय फळ्यांवरच राहू द्या.